सकाळची पहिली प्लेट

मंगळवारी सकाळी साडेदहाला बारा प्लेटांचे आकडे आले आणि ताईच्या तोंडचं पाणी पळालं.

नव्वद टक्क्यांच्या वर हवे होते. एकही नव्हता. सगळ्यात चांगली प्लेट त्र्याऐंशीवर होती आणि सगळ्यात वाईट एकोणपन्नासवर. तीन दिवस सलग दिव्याखाली ठेवल्यावर त्या काचेचा निम्म्याहून जास्त उजेड गेला होता.

ताई म्हणजे त्या प्रयोगशाळेतल्या पिवळ्या खोलीची कारागीर. कागदावर तिचं पद लांबलचक होतं, पण मोठ्या साहेबांपासून झाडलोट करणाऱ्या मावशींपर्यंत सगळे तिला ताईच म्हणत. त्या खोलीत पांढरा दिवा चालत नसे, कारण काचेवरचा ओला थर पांढऱ्या उजेडाने बिघडतो. म्हणून सगळे दिवे पिवळे, आणि त्या पिवळ्या उजेडात ताईची एकोणीस वर्षं गेली होती. छतातला एक्झॉस्ट, म्हणजे वाफा बाहेर ओढणारे पंखे, इतके घरघरायचे की दारातल्या माणसाला ओरडूनच बोलावं लागे. टीव्हीच्या किंवा मोबाइलच्या पडद्यावर रंग उमटतात ते बारीक बारीक चौकोनांतून. केसाहूनही बारीक असे ते चौकोन काचेवर आखायचे, लालाशेजारी हिरवा, आणि एकाचा रंग दुसऱ्यात सांडू द्यायचा नाही, हे तिचं काम. रंग म्हणजे तरी काय, तर प्रकाश पडला की स्वतःच उजळणारे स्फटिक. मिठाच्या एका कणाच्या जागेत अब्जावधी मावतील एवढे लहान. प्रयोगशाळेत त्यांना सगळे नुसतं 'दाणे' म्हणत.

दाणे काचेवर बसवायची जुनी रीत मोठी खर्चिक आणि त्याहून घाणेरडी होती. आधी एक चिकट थर लावा, त्याला प्रकाश दाखवा, तो जहाल रसायनात धुवा, मग दाणे पसरा, मग सॉल्व्हंटने, म्हणजे विरघळवणाऱ्या द्रवाने, पुन्हा धुवा. हे सगळं प्रत्येक रंगासाठी वेगळं. संध्याकाळपर्यंत त्या घाण द्रवाचा ड्रम भरायचा आणि ताईचं डोकंही. गेली चार वर्षं तिला रोज चारच्या सुमारास कपाळाच्या मधोमध ठणका लागायचा. बोटांची सालं निघायची. शेवटी डॉक्टरीणबाईंनी तिला समोर बसवून स्पष्ट सांगितलं होतं, "बाई, एक तर खोलीतली रसायनं बदला, नाहीतर तुम्ही खोली बदला. दुसरं औषध माझ्याकडे नाही."

खोली बदलायची म्हणजे काय, ते ताईला ठाऊक होतं. वरच्या मजल्यावर बसून फायली लावायच्या. ती म्हणाली होती, "मग मला जिवंतपणीच कपाटात ठेवा."

रसायनं बदलायचं काम तिच्या वहिनीने अंगावर घेतलं. वहिनी म्हणजे ताईच्या थोरल्या भावाची बायको, आणि त्याच प्रयोगशाळेतली मुख्य रसायनतज्ज्ञ. घरी वहिनी, फाटकाच्या आत मॅडम. दोघी एकाच घरात राहायच्या, एकाच बसने यायच्या आणि फाटकापाशी नातं बदलायच्या. ताईचा मात्र अधूनमधून घोटाळा व्हायचा. एकदा भरल्या मीटिंगमध्ये ती दारातून डोकावून म्हणाली होती, "वहिनी, तुमचा डबा घरी ओट्यावरच राहिलाय," आणि मोठ्या साहेबांनी चष्मा पुसायच्या निमित्ताने हसू लपवलं होतं.

वहिनीने दोन वर्षं खपून दाण्यांचा अंगरखाच, म्हणजे त्यांच्यावरचं रसायनाचं आवरण, बदलला. पूर्वीचा तेलकट होता, म्हणून ते फक्त सॉल्व्हंटमध्ये विरघळायचे. नवा पाण्याला मानवणारा. आता दाणे पाण्यात कालवायचे, काचेवर पसरायचे, वर नक्षीचा साचा, म्हणजे मास्क, धरून अतिनील दिवा लावायचा. जिथे प्रकाश पडेल तिथले दाणे एकमेकांना घट्ट धरून काचेला चिकटतात. बाकीचे शुद्ध पाण्याने धुतले की निघून जातात, आणि ते पाणी गाळून दाणे परतही मिळतात. चिकट थर नाही, जहाल रसायन नाही, ड्रम नाही. पहिली नक्षी उमटली त्या दिवशी ताई सूक्ष्मदर्शकावरून उठायलाच तयार नव्हती.

"धुतल्यासारखं धुतलंय हो," ती म्हणत होती. "कडा बघा, सुरीने कापल्यासारख्या!"

आता शेवटची पायरी राहिली होती. मोठे साहेब माणूस सरळ, पण आकड्यांवाचून त्यांचं पान हलत नसे. त्यांनी ठरवून दिलं होतं: ताईने तीन दिवसांत रोज चार अशा बारा प्लेटा करायच्या, मग सगळ्या एकत्र तीन दिवस दिव्याखाली ठेवायच्या. नव्वद टक्के उजेड टिकला तर सगळं काम पाण्यावर न्यायचं. नाहीतर जुनी रीत चालू ठेवायची आणि नव्या ड्रमांची मागणी द्यायची.

आणि आकडे हे असे आले.

 कागदाची घडी करून वहिनीने ती कोटाच्या खिशात घातली आणि आपल्या टेबलाशी जाऊन बसली. ताई पिवळ्या खोलीत परत गेली, दार लावलं आणि स्टुलावर बसली.  वहिनीला ठाऊक नसलेली एक गोष्ट तिला ठाऊक होती.

मागच्या बुधवारी, पहिली प्लेट करायच्या आधी, तिने स्पिनरचं भांडं पुसलं होतं. स्पिनर म्हणजे काच गरगर फिरवून तिच्यावर दाण्यांचा सारखा थर पसरवणारं यंत्र. एकोणीस वर्षं रोज सकाळी पहिलं काम तेच, फळीवरची बाटली घ्यायची, बोळा भिजवायचा, भांडं पुसायचं. त्या दिवशीही हात आपोआप फळीकडे गेला. बाटली जुन्या सॉल्व्हंटची होती. दुपारी तीच बाटली पुन्हा नजरेला पडली तेव्हा ताईला चूक कळली होती. नव्या दाण्यांजवळ सॉल्व्हंटचा थेंबही आणायचा नाही, त्यांचा अंगरखा सैल होतो, हे वहिनीने दहादा बजावलेलं. ताईने गुरुवारी सकाळी बाटली कपाटात टाकून कुलूप लावलं, भांडं पाण्याने चार वेळा धुतलं आणि मनाला समजावलं की एवढ्याशाने काही होत नाही.

आता बारा प्लेटा तिला सांगत होत्या की झालं.

मंगळवार गेला, बुधवार गेला. वहिनी घरी येऊन जेवणाच्या टेबलावर कागद पसरायची आणि आपल्याच रसायनाला बोल लावायची. "अंगरखाच कच्चा आहे. मी घाई केली." जेवण निम्मं टाकायची. ताई समोर बसून घास चिवडायची.  दोन वर्षांचं काम, आपलं डोकं दुखू नये म्हणून जिने केलं तिचं, आपल्याच हाताने मातीत घातलं, हे सांगायचं कुठल्या तोंडाने?

गुरुवारी संध्याकाळी दादा, म्हणजे ताईचा भाऊ, टेबलाच्या एका टोकाला भूगोलाच्या उत्तरपत्रिका तपासत बसला होता. तो शाळेत शिकवायचा.

"अर्ध्या वर्गाने नदी डोंगरावर चढवली आहे," तो म्हणाला. कोणी हसलं नाही. त्याने चष्म्यावरून दोघींकडे पाहिलं. "काय चाललंय काय तुमचं? घरात कोणी गेल्यासारखं बसलाय दोघी."

"सोमवारी साहेबांना सांगून टाकणार आहे," वहिनी म्हणाली. "पाण्याचं जमत नाही म्हणून. जुनं चालू ठेवा म्हणून."

ताईच्या हातातला पेला टेबलावर आपटला.

"वहिनी, तुमचं रसायन चांगलं आहे," ती म्हणाली. "मी घाण केली." आणि मग बांध फुटल्यासारखं सगळं सांगितलं. बुधवार, फळी, बाटली, बोळा, कुलूप, सगळं.

वहिनीचा चेहरा आधी कोरा झाला, मग लाल.

"तीन दिवस? तीन दिवस मी इथे बसून स्वतःला शिव्या घालतेय, आणि तुम्ही समोर बसून ऐकताय?"

"हो."

"मला सांगावंसं नाही वाटलं?"

"वाटलं हो. रोज वाटलं."  पदराने, ओढणीने, हाताशी येईल त्याने डोळे पुसतात तशी ताई टेबल पुसायच्या फडक्याने डोळे पुसायला लागली.

दादा उठला. "मी चहा टाकतो," तो म्हणाला आणि कोणाच्या उत्तराची वाट न बघता आत गेला. भांडी बरीच वाजली. एवढी चहाला लागत नाहीत.

 मग वहिनीतली रसायनतज्ज्ञ जागी झाली, आणि ती सुरू झाली की राग फार वेळ टिकत नसे.

"फक्त बुधवारी पुसलं?"

"फक्त बुधवारी. गुरुवारी बाटली कुलपात."

"मग बुधवारच्या प्लेटा सगळ्यात मंद हव्यात. शुक्रवारच्या चांगल्या हव्यात. कुठली प्लेट कुठल्या दिवशीची?"

"ते तुमच्या कागदावर नाही?"

"नाही. फक्त काचांचे नंबर. मशीन ते उजेडाप्रमाणे लावून देतं. वरून खाली. मी सरासरी बघत बसले."

ताईने पिशवीतून आपली वही काढली. तिला लिहायची सवय होती. कुठली काच, किती वाजता, किती वेळ धुतली, बाहेर पाऊस होता की ऊन. वहिनी त्या वहीची नेहमी थट्टा करायची, की यात फक्त माशी शिंकल्याची नोंद राहिली आहे. आज तिने ती दोन्ही हातांनी घेतली आणि आकडे क्रमाने लिहून काढले.

बुधवार: एक्कावन्न, अडुसष्ट, एकोणऐंशी, त्र्याऐंशी.

गुरुवार: बावन्न, सत्तर, अठ्ठ्याहत्तर, ब्याऐंशी.

शुक्रवार: एकोणपन्नास, सहासष्ट, सत्त्याहत्तर, ऐंशी.

दोघी बघत राहिल्या. दादा चहाचे पेले घेऊन आला, तोही मागे उभा राहून बघायला लागला.

"हे तर रोज सारखंच आहे की," तो म्हणाला. "सकाळी झोपलेलं, दुपारपर्यंत जागं. माझ्या वर्गासारखं."

"ताई," वहिनी हळूच म्हणाली, "तुमच्या बोळ्याने बुधवारचं वाटोळं केलं असतं. शुक्रवारचं नाही. आणि बुधवार तर शुक्रवारपेक्षा बरा आहे!"

ताईला ते कळायला दोन क्षण लागले. मग ती खुर्चीत मागे टेकली. तिचे खांदे इतके खाली आले की ते तीन दिवस कानांपाशी होते हे तिला तेव्हाच कळलं.

"म्हणजे मी नाही?"

"तुम्ही नाही. माझं रसायनही नाही, नाहीतर दुपारी सुधारलं नसतं. सकाळच्या पहिल्या प्लेटला काहीतरी होतंय. सांगा, सकाळी काय वेगळं असतं?"

ताईने डोळे मिटले आणि सकाळ पहिल्यापासून आठवायला सुरुवात केली. दिवे तेच. दाण्यांची बाटली थंड कपाटातली, ती दर वेळी नवी. स्पिनर तोच. अतिनील दिवा अर्धा तास आधी लावलेला. मग धुणं. नळ सोडायचा, आणि...

"पाणी," ती म्हणाली. "रात्रभर नळीत उभं असतं."

"आपलं पाणी यंत्रातून शुद्ध होऊन येतं. मीटर शुद्धता दाखवतो."

"मीटर यंत्रापाशी आहे, वहिनी. नळापाशी नाही. आणि धुण्याचा ओटा मागच्या महिन्यात हलवला. नळी वाढवली."

चहा तसाच राहिला.

शुक्रवारी सकाळी सात वाजता, कोणी यायच्या आत, दोघी पिवळ्या खोलीत होत्या. नळाला कोणी हात लावला नव्हता. ताईने पहिलं पाणी एका कुपीत धरलं. मग अर्धा तास नळ वाहू दिला आणि दुसरं पाणी दुसऱ्या कुपीत धरलं. तिसऱ्यात वहिनीने थेट शुद्धीकरण यंत्राच्या तोंडाशी धरलेलं पाणी आणलं. तिन्ही पाण्यांत काही फरक दिसत नव्हता, तिन्ही नितळ. वहिनीने प्रत्येकीत लाल दाण्यांचे सारखे थेंब सोडले आणि जांभळ्या दिव्याची बॅटरी लावली.

यंत्राशेजारचं पाणी निखाऱ्यासारखं लाल झालं. अर्ध्या तासानंतरचं जरा कमी. आणि पहिल्या पाण्यातला लाल रंग दोघींच्या डोळ्यांदेखत मंदावत गेला, जणू कोणी वात खाली ओढली.

"अगं बाई!" ताई म्हणाली.

वहिनी गुडघ्यांवर बसून ओट्याखाली शिरली. अंगावर पांढरा कोट, डोक्यावर टोपी, आणि आवाज आतून आला, "बॅटरी द्या इकडे. साधी." मग काही वेळ नुसती खुडबुड. मग ती म्हणाली, "ताई, ये, बघ."

ताईही शिरली. दोघींची डोकी एकमेकींवर आपटली. पांढऱ्या प्लास्टिकच्या नळीला जिथे वाढीव नळी जोडली होती, तिथे बोटाएवढा पितळी सांधा चकाकत होता. नवाकोरा.

"पितळ म्हणजे तांबं आणि जस्त," वहिनी म्हणाली. "आणि इतकं शुद्ध पाणी भुकेलेलं असतं, जे मिळेल ते खातं. रात्रभर तांबं खाल्लं. तांबं दाण्यांच्या अंगाला लागलं की संपलं, त्यांचा उजेडच विझतो. मला सुचायला हवं होतं. हे तर मी इथल्या शिकाऊ मुलांना शिकवते!"

"मला नाही शिकवलं," ताई म्हणाली, आणि ओट्याखाली वाकलेल्या अवस्थेत दोघींना हसू फुटलं. आधी खुदखुद, मग पोट धरून. मावशी झाडू घेऊन आल्या तेव्हा त्यांना ओट्याखालून फक्त चार पावलं दिसली आणि त्या घाबरून मागे सरल्या.

दहा वाजता प्लंबर आला. जाड मिशांचा, पन्नाशीचा, कामाला चोख माणूस. त्याने वाकून सांधा पाहिला आणि त्याला उलट अभिमानच वाटला.

"हा मीच बसवला. त्या दिवशी प्लास्टिकचा मापाचा मिळाला नाही, म्हणून म्हटलं चांगला पितळी घालू. वीस वर्षं हलणार नाही."

"तोच तर त्रास आहे," ताई म्हणाली. "आम्हाला हललेला चालेल, विरघळलेला चालत नाही."

सगळं समजावल्यावर त्याने कपाळाला हात लावला. "पाणी पितळ खातं? एवढंसं?" मग तो मुकाट्याने गेला, तीन दुकानं हिंडला आणि दुपारी दोन वाजता प्लास्टिकचा सांधा घेऊन आला. वर नळीचा तेवढा तुकडाही सगळा नवा बसवून दिला. जायच्या आधी त्याने विचारलं, "बाई, माझ्यामुळे कोणाची नोकरी जाणार होती का हो?"

"माझी खोली जाणार होती," ताई म्हणाली. "आता नाही जात. बसा, चहा घेऊन जा."

सोमवारी मोठ्या साहेबांपुढे वहिनीने राखून ठेवलेल्या तिन्ही पाण्यांच्या कुप्या ठेवल्या, त्यांत दाण्यांचे नवे थेंब सोडले, जांभळी बॅटरी लावली आणि तो मंद होत जाणारा लाल रंग त्यांना दाखवला. ताईने स्वतःहून सॉल्व्हंटच्या बोळ्याची गोष्टही सांगितली. वहिनी तिला पायाने खुणावत होती, तरी सांगितली. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"वहीत लिहिलंत का ते?"

"हो. त्याच दिवशी लिहिलं होतं."

"मग झालं तर. पुन्हा बारा प्लेटा करा."

ताईने पुन्हा बारा प्लेटा केल्या. रोज चार, तीन दिवस. या वेळी फळीवर बाटली नव्हती. पण तिने हातावर विश्वास न ठेवता प्रत्येक पायरी मोठ्याने बोलून केली, "आता काच, आता दाणे, आता दिवा, आता पाणी," पोरांना पाढे म्हणायला लावतात तसं. मग प्लेटा दिव्याखाली गेल्या. ते तीन दिवस घरात कोणी त्या विषयाचं नाव काढलं नाही. दादाने काढायला तोंड उघडलं की दोघी एकदम त्याच्याकडे बघायच्या आणि तो पुन्हा नदीकडे वळायचा.

निकालाच्या दिवशी मशीनमधून कागद बाहेर आला तेव्हा वहिनीने तो घेतलाच नाही.

"तू वाच," ती म्हणाली. इतक्या वर्षांत ताईला ती 'तुम्ही' म्हणत आली होती. ओट्याखाली एकदा तोंडातून 'तू' निघालं ते तसंच राहिलं होतं, आणि दोघींपैकी कोणीही ते दुरुस्त केलं नव्हतं.

ताईने वही उघडली, कागद शेजारी धरला आणि क्रमाने वाचायला सुरुवात केली. "पहिल्या दिवसाची पहिली..." तिने ओळीवर बोट ठेवलं. "शहाण्णव."

"पुढे."

"पंच्याण्णव. सत्त्याण्णव. शहाण्णव. दुसऱ्या दिवसाची पहिली, शहाण्णव."

बारावा आकडा वाचून झाला तोपर्यंत वहिनी जमिनीवर भिंतीला टेकून बसली होती, पाय पसरून, टोपी हातात घेऊन. ताईही तिच्याशेजारी बसली. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते दोघींना त्या फरशीवर कळलं.  वहिनीने तिचा हात हातात घेतला, सालं निघालेली बोटं एकेक करून पाहिली आणि म्हणाली, "भरतील आता."

साहेबांनी त्याच दुपारी सही केली. पुढच्या आठवड्यात गाडी आली आणि उरलेले ड्रम घेऊन गेली. ताईने दारात उभं राहून एकेक मोजला आणि गाडी वळणाआड जाईपर्यंत ती हलली नाही.

मग देखभालवाला माणूस आला. सॉल्व्हंटच नाही म्हटल्यावर छतातला मोठा एक्झॉस्ट पूर्ण जोरात चालवायची गरज उरली नव्हती. त्याने खटका फिरवून पंखे सगळ्यात खालच्या वेगावर आणले. एकोणीस वर्षं डोक्यावर चाललेली ती घरघर उतरत उतरत गेली आणि खोलीत एकदम शांतता झाली. नळातून थेंब पडला तोही ऐकू आला.

"ताई! नवीन प्लेट घेऊन या!" मोठे साहेब दारातून ओरडले, नेहमीसारखे, घसा ताणून. त्या शांततेत तो आवाज असा घुमला की ते स्वतःच दचकले. मावशी तोंडावर हात ठेवून हसायला लागल्या.

"हो साहेब, आणते!" ताईही तितक्याच जोरात ओरडली, आणि मग तिच्या लक्षात आलं. तिने घसा खाकरला आणि साध्या, घरात बोलतात तशा आवाजात पुन्हा म्हणाली, "आणते. दहा मिनिटं द्या, धुणं चाललंय."